वाचकांचे प्रश्न : हाडाच्या दुरुस्तीत हायड्रोजेलचे काम

मागील अंकातील हाडाच्या ऊती-अभियांत्रिकीवरील लेखात हायड्रोजेलचा उल्लेख जेमतेम दोन परिच्छेदांचा होता. पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे हाडातील पोकळीत भरायचे, त्यात पेशी वाढू द्यायच्या आणि जाळे हळूहळू नाहीसे होत असताना त्या जागी खरे हाड तयार व्हावे, एवढीच कल्पना तिथे मांडली होती. तेवढ्यावर वाचकांचे समाधान झालेले नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसते. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे होते.

प्रश्न : मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. हाड हा दातांखालोखाल शरीरातील सर्वांत कठीण भाग. त्याच्या दुरुस्तीसाठी जेलीसारखा लिबलिबीत पदार्थ वापरावा, ही कल्पनाच मला उलटी वाटते. असा पदार्थ शरीराचा भार कसा पेलणार?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि आकडेही आपल्याच बाजूने आहेत. हाडाच्या बाहेरील घट्ट थराची ताठरता सुमारे १५ ते २० गिगापास्कल भरते, तर पेशी सामावून घेणाऱ्या बहुतेक हायड्रोजेलची ताठरता किलोपास्कलमध्ये मोजावी लागते. म्हणजे दोहोंमध्ये ढोबळमानाने दहा लाख पटींचे अंतर पडते. त्यामुळे जेलवर शरीराचा भार टाकण्याचा विचार या क्षेत्रातील कोणीही जाणकार करीत नाही. भार धातूची पट्टी, आतून घातलेला रॉड किंवा बाहेरून बसवलेली चौकट पेलते आणि जेलने आतील पोकळी सांभाळायची असते.

मात्र मोडलेले हाड मुळात जुळते कसे हे पाहिले, तर मऊ पदार्थापासून सुरुवात करण्यात काहीच उलटे वाटत नाही. हाड मोडते तेव्हा फाटलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त साचते आणि गोठते. या गाठीत फायब्रिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते आणि त्या जाळ्यात पाणी, पेशी आणि पेशींना बोलावून घेणारी प्रथिने धरून ठेवलेली असतात. रसायनशास्त्राच्या व्याख्येने हे हायड्रोजेलच आहे. पुढे त्यात दाहपेशी शिरतात, नव्या रक्तवाहिन्या वाढू लागतात, बऱ्याच ठिकाणी आधी कूर्चा तयार होते आणि तिच्या जागी नंतर हाड येते. हाड घालणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशीसुद्धा पहिल्यांदा खनिज नसलेला कोलॅजेनचा मऊ थर घालतात. त्याला ऑस्टिऑइड म्हणतात आणि त्यात हायड्रॉक्सिअॅपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक मागाहून बसतात. तयार हाडाच्या वजनात खनिजाचा वाटा सुमारे दोन तृतीयांश असतो खरा, पण तो या कामातील शेवटचा टप्पा आहे.

अडचण येते ती पोकळी फार मोठी असते तेव्हा. मोठा अपघात, हाडातील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया किंवा जुना जंतुसंसर्ग यांमुळे हाडाचा एवढा तुकडा जातो की दोन्ही टोकांकडून येणाऱ्या पेशी मध्यावर पोहोचण्याआधी ती जागा तंतुमय ऊतींनी भरून जाते, आणि मग हाड आपोआप जुळत नाही. अशा ठिकाणी रक्ताच्या गाठीचे काम अधिक काळ आणि अधिक नेमकेपणाने करणारे जाळे हवे असते, आणि हाडासाठी घडवल्या जाणाऱ्या हायड्रोजेलचा उद्देश तोच आहे.

हायड्रोजेलचा वैद्यकातील इतिहास मात्र नेमक्या विरुद्ध अपेक्षेने सुरू झाला. १९६० मध्ये ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव्ह लिम या चेक शास्त्रज्ञांनी शरीरात वापरता येतील अशा जलस्नेही जेलवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातून पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. डोळ्यावर बसणाऱ्या लेन्सकडून आपण अलिप्ततेची अपेक्षा करतो. तिला काही चिकटू नये आणि तिने कोणाला त्रास देऊ नये, एवढे पुरते. हाडातील जेलला मात्र पेशींनी पकडले पाहिजे, कुरतडले पाहिजे आणि अखेरीस हद्दपार केले पाहिजे. दोन्ही पदार्थांना आपण जैवसुसंगत म्हणतो, पण त्यांच्याकडून होणाऱ्या मागण्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत.

प्रश्न : मी पॉलिमर उद्योगात काम करणारा अभियंता आहे. जाळ्यातील आडबंध, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे दुवे, वाढवले की जेल ताठ होते, हे आमच्या रोजच्या अनुभवातले आहे. मग आडबंध वाढवत नेऊन हाडाजवळ जाणारी ताठरता का गाठत नाहीत?

उत्तर : आडबंध वाढवले की जेल ताठ होते हे खरे, पण त्याच वेळी जाळ्याची वीण घट्ट होते, आणि पेशींची अडचण त्या विणीशी आहे. सामान्य हायड्रोजेलमध्ये दोन धाग्यांमधील मोकळी जागा काही नॅनोमीटरपासून फार तर शंभर नॅनोमीटरच्या आसपास असते, तर पेशीचा व्यास दहा ते वीस मायक्रोमीटर असतो. प्राणवायू, ग्लुकोज आणि लहान प्रथिने अशा जाळ्यातून ये-जा करू शकतात, पेशी मात्र जिथे अडकली तिथेच राहते. तिला पसरायचे, सरकायचे किंवा शेजारणीला जाऊन भिडायचे असेल तर भोवतालचे जाळे तुटले पाहिजे किंवा सरकले पाहिजे. वीण घट्ट करत गेलात तर यंत्रावरचा आकडा सुंदर येतो आणि आतील पेशी मात्र गुदमरते.

ताठरतेला महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. २००६ मध्ये अॅडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अस्थिमज्जेतून घेतलेल्या मूलपेशी मऊ पृष्ठभागावर ठेवल्या तर चेतापेशींची लक्षणे दाखवतात, मध्यम ताठ पृष्ठभागावर स्नायूंची, आणि २५ ते ४० किलोपास्कल ताठरतेच्या पृष्ठभागावर हाडाच्या पेशींची. हा शेवटचा आकडा पक्क्या हाडाच्या जवळपासही नाही. तो खनिज बसण्याआधीच्या ऑस्टिऑइडशी जुळतो. पेशीला आपण हाडात आहोत असे वाटण्यासाठी गिगापास्कलची गरज नसते, हे या एका निष्कर्षातून स्पष्ट झाले.

तो प्रयोग सपाट पृष्ठभागावरचा होता. जेलच्या आत कोंडलेल्या पेशींबाबत आणखी एक गुणधर्म महत्त्वाचा ठरला, आणि पॉलिमरमधील माणूस म्हणून तो आपल्याला लगेच पटेल. तो गुणधर्म म्हणजे ताणशिथिलन. जेल दाबून धरले असता त्यातील प्रतिकार किती वेळात ओसरतो, हे त्यात मोजतात. ओविजित चौधुरी, डेव्हिड मूनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सुरुवातीची ताठरता सारखीच, पण शिथिल होण्याचा वेग वेगवेगळा, अशी अल्जिनेटची (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पॉलिमरची) जेल तयार केली. सुमारे एका मिनिटात शिथिल होणाऱ्या जेलमध्ये मूलपेशींनी हाडाकडे वळण घेतले आणि खनिजयुक्त द्रव्य घातले. तासाभराने शिथिल होणाऱ्या जेलमध्ये तसे फारसे घडले नाही. पेशीने ढकलल्यावर जाळे थोडे हटले पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ आहे.

दुसरा मार्ग पेशींच्या हाती कात्री देण्याचा आहे. पेशी कोलॅजेन तोडण्यासाठी मेटॅलोप्रोटिनेज जातीची विकरे बाहेर सोडतात. या विकरांना तोडता येतील असे छोटे पेप्टाइड आडबंध म्हणून वापरले, तर पेशी स्वतःची वाट स्वतःच काढते. मथियास लुटोल्फ, जेफ्री हबेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पॉलिएथिलिन ग्लायकॉलच्या अशा जेलमध्ये हाड निर्माण करणारे प्रथिन मिसळून उंदरांच्या कवटीतील पोकळ्या भरून आणल्या होत्या. तो प्रयोग मला आजही या क्षेत्रातील सर्वांत विचारपूर्वक आखलेल्या कामांपैकी एक वाटतो.

ताठरता वाढवायचीच असेल तर हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे किंवा जैवसक्रिय काचेचे सूक्ष्म कण जेलमध्ये मिसळतात. वीण न आवळता ताठरता थोडी वाढते आणि कणांमधून कॅल्शियम व फॉस्फेटही मिळते. तरीही अनेक निबंधांत दाब सहन करण्याच्या क्षमतेचा आकडा ज्या अभिमानाने मिरवला जातो, त्याचे मला कोडे वाटते, कारण तो कितीही वाढला तरी पायाच्या हाडात पट्टी लावावीच लागणार आहे.

प्रश्न : अल्जिनेट समुद्री शेवाळापासून, कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून आणि जिलेटिन प्राण्यांच्या कोलॅजेनपासून मिळते. हे सारे नैसर्गिक पदार्थ आहेत. मग त्यांच्या जैवसुसंगततेची वेगळी परीक्षा कशाला हवी?

उत्तर : नैसर्गिक आणि सुरक्षित हे दोन शब्द आपल्या मनात एकत्र नांदतात, प्रयोगशाळेत मात्र त्यांना वेगळे करावे लागते. डेव्हिड विल्यम्स यांनी १९८७ मध्ये नोंदवलेली जैवसुसंगततेची व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. तिचा आशय असा की, विशिष्ट उपयोगासाठी वापरला असता शरीराकडून योग्य प्रतिसाद मिळवत आपले काम करण्याची पदार्थाची क्षमता म्हणजे जैवसुसंगतता. यातील ‘विशिष्ट उपयोग’ हे शब्द फार मोलाचे आहेत. जखमेवर बांधायच्या पट्टीत उत्तम वागणारे अल्जिनेट हाडाच्या पोकळीतही तसेच वागेल, असे त्यातून मुळीच निष्पन्न होत नाही.

अल्जिनेटचेच उदाहरण पुढे नेऊ. कच्च्या अल्जिनेटमध्ये शेवाळातील पॉलिफिनॉल, प्रथिनांचे अवशेष, जड धातू आणि जिवाणूंच्या आवरणातून आलेले एंडोटॉक्सिन असू शकते. शुद्धीकरण अपुरे राहिले तर शरीर दाहाने उत्तर देते आणि दोष अल्जिनेटच्या माथी येतो. शुद्ध अल्जिनेट घेतले तरी दुसरी अडचण उरते. सस्तन प्राण्यांच्या शरीरात अल्जिनेट तोडणारे विकरच नाही. कॅल्शियम निघून गेल्यावर जाळे सैल होते, पण लांब साखळ्या तशाच राहतात आणि फार मोठ्या साखळ्या मूत्रपिंडांतून बाहेर टाकता येत नाहीत. म्हणून साखळ्या आधीच आखूड करणे किंवा पेरीओडेटने त्यांचे अंशतः ऑक्सिडीकरण करून त्यांना पाण्यात हळूहळू तुटण्याजोगे बनवणे, हे उपाय योजतात. पूर्णपणे कृत्रिम अशा पॉलिएथिलिन ग्लायकॉलला हव्या त्या वेगाने तुटणारे बंध जोडता येतात, आणि त्या बाबतीत हा कृत्रिम पदार्थ शेवाळातल्या पदार्थापेक्षा शहाणा ठरतो.

साखळ्या जोडणाऱ्या रसायनाकडेही पाहावे लागते. जिलेटिन किंवा कायटोसान घट्ट करण्यासाठी ग्लुटराल्डिहाइड स्वस्त आणि प्रभावी आहे, पण त्याचा उरलेला अंश पेशींना मारक ठरतो. गार्डेनियाच्या फळापासून मिळणारे जेनिपिन त्याहून बरेच सौम्य आहे. त्याने जेल गडद निळे होते आणि पुढे रंगाच्या तीव्रतेवर आधारलेल्या चाचण्यांत तो निळा रंग लुडबुड करतो, ही त्याची किंमत.

चाचण्यांची चौकट आयएसओ १०९९३ या मानक-मालिकेत दिलेली आहे. तिच्या पाचव्या भागानुसार पदार्थाच्या अर्कात पेशी वाढवून पाहतात आणि त्यांची जीवनक्षमता ३० टक्क्यांहून अधिक घटली तर तो पदार्थ पेशींना विषारी मानला जातो. ही पहिली पायरी आहे. ॲलर्जी, जनुकीय हानी, शरीरात रोपण केल्यावरचा स्थानिक परिणाम आणि विघटनातून निघणाऱ्या द्रव्यांचा परिणाम यांच्या तपासण्या तिच्यानंतर येतात. पहिली पायरी चढल्याबरोबर जैवसुसंगत अशी पाटी लावण्याची घाई बरीच पाहायला मिळते.

प्रश्न : मी पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. कॅल्शियम क्लोराइडने जमवलेल्या अल्जिनेट जेलच्या गोळ्यांत मूलपेशी ठेवून त्यांना हाडाकडे वळवण्याचा माझा प्रकल्प आहे. माध्यम बदलण्याआधी फॉस्फेट बफरने धुतले की गोळ्या सैल पडतात आणि काही तर हातात येत नाहीत. पेशी जिवंत दिसतात, पण गोलच राहतात. उलट खनिज दाखवण्यासाठी वापरलेल्या अलिझारिन रेडचा लाल रंग मात्र फार गडद येतो. माझे मार्गदर्शक त्यावर समाधानी आहेत, मला खात्री वाटत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपली शंका योग्य दिशेची आहे, ती सोडू नये. तिन्ही गोष्टी क्रमाने घेऊ.

गोळ्या सैल पडण्याचा दोष धुण्याच्या द्रावणाचा आहे. अल्जिनेटच्या साखळीतील ग्युल्युरॉनिक आम्लाचे पट्टे कॅल्शियमच्या आयनांना दोन्ही बाजूंनी धरतात आणि त्यावर सगळे जाळे उभे असते. फॉस्फेट बफरमधील फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेते आणि भरपूर सोडियम त्याची जागा घेते, पण सोडियमला दोन साखळ्या एकत्र बांधता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक धुण्यात आपण स्वतःच्या हाताने जाळे उसवत आहात. त्याऐवजी काही मिलिमोल कॅल्शियम क्लोराइड घातलेले, फॉस्फेट नसलेले सलाइन किंवा हेपेस बफर वापरावे. नेहमीच्या वर्धन माध्यमात सुमारे १.८ मिलिमोल कॅल्शियम असते, पण फॉस्फेटही असते, म्हणून गोळ्या तिथेही दिवसेंदिवस मऊ होत जातात. पहिल्या दिवसाची ताठरता नोंदवून थांबू नका. पेशींसह आणि पेशींविना ठेवलेल्या गोळ्यांची ताठरता प्रयोगाच्या अखेरीसही मोजा, कारण पेशींनी अनुभवलेली ताठरता प्रत्यक्षात तीच असते.

पेशी गोल राहतात कारण अल्जिनेटमध्ये त्यांना धरायला काहीच नाही. पेशी भोवतालच्या प्रथिनांना इंटेग्रिन नावाच्या ग्राहींनी पकडतात आणि अल्जिनेट ही शर्करांची साखळी असल्याने तिच्यावर तशी जागा नसते. १९८४ मध्ये मायकेल पिअर्शबाखर आणि एर्की रुओस्लाहती यांनी दाखवले की आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा क्रम पेशींना पकड घेण्यासाठी पुरेसा असतो. हा आरजीडी पेप्टाइड अल्जिनेटला कार्बोडायइमाइडच्या रसायनाने जोडता येतो. तो परवडत नसेल तर जिलेटिन किंवा कोलॅजेन मिसळून पाहता येईल. मात्र आडबंध न घातलेले जिलेटिन ३७ अंश सेल्सिअसला वितळून माध्यमात निघून जाते, हे ध्यानात ठेवावे. पकड मिळाली तरी घट्ट विणीत पेशी लगेच पसरणार नाहीत. त्यामुळे गोल पेशी दिसली की प्रयोग फसला, असे समजण्याचे कारण नाही. चौधुरी आणि मूनी यांच्या ज्या कामाचा उल्लेख वर आला आहे, त्यात आरजीडी आणि शिथिल होणारे जाळे दोन्ही एकत्र होते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. अलिझारिन रेड कॅल्शियमला धरतो, आणि तो कॅल्शियम पेशीने घातला की आपण बाटलीतून घातला, हे त्याला कळत नाही. आपले जेलच कॅल्शियमने बांधलेले आहे. म्हणून पेशी नसलेल्या गोळ्या त्याच माध्यमात तितकेच दिवस ठेवून त्याच वेळी रंगवाव्यात. त्याही लाल निघाल्या, तर आपल्या समोरचा गडद रंग बहुतांशी जेलचा आहे. हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे कण घातलेल्या जेलमध्ये हा धोका याहून मोठा असतो. शिवाय हाडाकडे वळवणाऱ्या माध्यमात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असते. त्याचे प्रमाण जास्त असेल तर पेशींवरील अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर त्यातून फॉस्फेट सुटे करते आणि कॅल्शियम फॉस्फेट कुठेही साचते. तो साका खनिजच असतो, पण कोलॅजेनच्या तंतूंवर शिस्तीने बसलेले हाडाचे खनिज तो नव्हे.

यासाठी एका रंगावर विसंबू नये. अल्कलाइन फॉस्फेटेज सुरुवातीच्या टप्प्यात वाढते. ऑस्टिओकॅल्सिनसारखी जनुके उशिरा सक्रिय होतात. कोलॅजेन ऊतिछेदात दाखवता येते. खनिज कोणते आहे ते रामन वर्णपटाने किंवा क्ष-किरण विवर्तनाने ओळखता येते. या पुराव्यांचा क्रम आणि काळ एकमेकांशी जुळला तर लाल रंगालाही अर्थ येतो. आपल्या मार्गदर्शकांसमोर पेशी नसलेल्या गोळीचे छायाचित्र शेजारी ठेवून चर्चा केलीत, तर वाद घालण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न : हाड निर्माण करणारे प्रथिन उपलब्ध असताना जेलच्या रचनेवर एवढे डोके का खपवायचे? ते प्रथिन घातले की काम व्हायला हवे.

उत्तर : या प्रथिनांचा शोध मार्शल युरिस्ट यांच्या १९६५ मधील प्रयोगांतून लागला. खनिज काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले असता तिथे नवे हाड तयार झाले आणि त्यास कारणीभूत असलेल्या प्रथिनांना पुढे बीएमपी हे नाव मिळाले. त्यांतील बीएमपी-२ ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये कमरेच्या मणक्यांच्या जोडणीसाठी कोलॅजेनच्या स्पंजासोबत मान्यता दिली. कोलॅजेनच्या स्पंजातून हे प्रथिन लवकर निसटते. म्हणून शरीर स्वतः जे काम नॅनोग्रॅमच्या मात्रेत करते, त्यासाठी बाहेरून मिलिग्रॅमची मात्रा द्यावी लागली. परिणामी नको तिथे हाड वाढणे आणि सूज येणे यांसारखे त्रास दिसू लागले. मानेच्या मणक्यांत वापर झाल्यावर श्वासनलिकेभोवती जिवावर बेतणारी सूज आल्याच्या घटनांमुळे २००८ मध्ये त्या प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.

जेलच्या रचनेवर डोके खपवायचे ते यासाठीच. प्रथिनाला धरून ठेवणारे हेपॅरिनसारखे गट जाळ्यात गुंफले, किंवा पेशींनी जाळे तोडले तरच प्रथिन सुटे होईल अशी व्यवस्था केली, तर कमी मात्रेत अधिक काळ काम साधते. माझ्या मते मात्र बीएमपीपेक्षाही मोठा न सुटलेला प्रश्न रक्तपुरवठ्याचा आहे. केशवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपलीकडे असलेल्या पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. उंदराच्या कवटीतील पातळ चकतीत हे अंतर निभावून जाते. माणसाच्या मांडीच्या हाडातील काही सेंटिमीटरच्या पोकळीत मात्र मधल्या पेशी रक्तवाहिन्या पोहोचण्याआधीच मरतात. जेलमध्ये १०० मायक्रोमीटरहून मोठी, शक्यतो ३०० च्या आसपासची आणि एकमेकींना जोडलेली छिद्रे ठेवणे, रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन आधी आणि हाड वाढवणारे नंतर सुटेल असा क्रम लावणे, रक्तवाहिन्यांचे अस्तर बनवणाऱ्या पेशी सोबत घालणे, असे प्रयत्न चालू आहेत. लहान प्राण्यांत उत्तम ठरलेली कितीतरी जेल मेंढीसारख्या मोठ्या प्राण्यात अडखळतात, त्यामागचे एक प्रमुख कारण हेच आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या नडगीच्या हाडाचा तुकडा अपघातात गेला आहे. शल्यचिकित्सक कमरेच्या हाडातून भाग काढून तिथे बसवावा असे म्हणतात. जेलचे इंजेक्शन देऊन हाड वाढवता येते असे वाचले. त्यासाठी थांबावे का?

उत्तर : थांबू नये. आपण वाचलेले काम बहुतांशी प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील आहे. नडगीतील मोठी पोकळी केवळ पेशीयुक्त हायड्रोजेल टोचून भरून काढणे हा आज रुग्णालयांतील प्रस्थापित उपचार नाही. रुग्णाचे स्वतःचे हाड अजूनही सर्वांत भरवशाचे मानले जाते, कारण जिवंत पेशी, नैसर्गिक चौकट आणि संदेश देणारी प्रथिने या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र मिळतात आणि शरीर ते नाकारत नाही. जिथून हाड काढले तिथे काही काळ दुखणे आणि मिळणाऱ्या हाडाचे प्रमाण मर्यादित असणे, या त्याच्या उणिवा आहेत. पोकळी फार मोठी असेल तर हाडाचा भाग दररोज सुमारे एक मिलिमीटर सरकवत नेण्याची इलिझारोव्ह पद्धत, किंवा आधी सिमेंटचा ठोकळा ठेवून त्याभोवती पडदा तयार होऊ देण्याची मास्केले पद्धत, यांविषयीही शल्यचिकित्सकांना विचारावे. जंतुसंसर्ग आहे का आणि जखमेवरचे स्नायू-त्वचेचे आच्छादन पुरेसे आहे का, यावर निर्णय बराच अवलंबून असतो आणि तो भावाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. कोणी खासगीत पैसे घेऊन मूलपेशींचे जेल टोचून देण्याचे सांगत असेल, तर त्या उपचाराला औषध नियामकाची मान्यता किंवा नोंदणीकृत चाचणीचा आधार आहे का, हे कागदावर मागावे.

प्रश्न : त्रिमितीय छपाई यंत्राने हाड छापता येईल का?

उत्तर : आकार छापता येतो. हाड छापता येत नाही, ते नंतर शरीरात किंवा प्रयोगशाळेत घडावे लागते. छपाईसाठी जेल सुईतून जाताना पातळ आणि बाहेर पडताच घट्ट व्हावे लागते. मेथॅक्रिलेट गट जोडलेले जिलेटिन प्रकाशाने घट्ट करता येत असल्याने यासाठी लोकप्रिय आहे. जुन्या प्रकाश-आरंभकांना, म्हणजे प्रकाश पडताच जोडणी सुरू करणाऱ्या रसायनांना, ३६५ नॅनोमीटरचे अतिनील किरण लागत, तर अलीकडे लिथियमयुक्त आरंभक ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशातही काम करतात आणि पेशींना होणारी इजा त्यामुळे कमी होते. सुईचे तोंड जितके बारीक तितका आकार रेखीव येतो, पण पेशींवर पडणारा घर्षणाचा ताणही तितकाच वाढतो.

प्रश्न : आम्ही कायटोसान-ग्लिसरोफॉस्फेटचे आणि अल्जिनेटचे जेल तयार करतो. ते निर्जंतुक कसे करावे, याबद्दल निबंधांत फारच त्रोटक माहिती असते. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील गरम वाफ, चालेल का?

उत्तर : निर्जंतुकीकरणाकडे शेवटी उरकायचे काम म्हणून पाहिले जाते आणि तिथेच महिन्यांची मेहनत वाया जाते, म्हणून हा प्रश्न आल्याचे समाधान वाटते. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, द्रावण पातळ होते आणि त्यापासून बनणारे जेल दुबळे निघते. गॅमा किरणांनीही हेच घडते. एथिलिन ऑक्साइडचा वायू कोरड्या भुकटीसाठी वापरता येतो, पण त्याचा उरलेला अंश पूर्णपणे निघून गेला आहे, हे मोजून दाखवावे लागते. द्रावण पातळ असेल तर ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून, गोठवून कोरडे करून, नंतर निर्जंतुक वातावरणात हव्या त्या प्रमाणात विरघळवणे, हा अल्जिनेटसाठी सर्वांत निरुपद्रवी मार्ग आहे.

कायटोसान-ग्लिसरोफॉस्फेटचा जेल ३७ अंशांना घट्ट होण्यासाठीच रचलेला असल्याने तयार मिश्रण तापवणे शक्य नाही. दोन्ही द्रावणे वेगवेगळी निर्जंतुक करावीत आणि वापरण्याच्या वेळी थंड ठेवून मिसळावीत. कायटोसानचे आम्लयुक्त द्रावण ऑटोक्लेव्ह करण्याची प्रथा आहे, पण त्याने साखळ्या काही प्रमाणात आखूड होतात. त्यामुळे जेल घट्ट होण्याचा वेळ आणि ताठरता यांची मोजमापे निर्जंतुकीकरणानंतरच्या नमुन्यावर घ्यावीत. आधीच्या नमुन्यावरचे आकडे प्रसिद्ध करून प्राण्यात नंतरचा नमुना वापरला, तर दोन वेगवेगळ्या पदार्थांची तुलना होते.

आणखी एक गोष्ट. ०.२२ मायक्रोमीटरची गाळणी जिवाणूंना अडवते, त्यांच्या एंडोटॉक्सिनला नाही, आणि १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हलाही ते पुरून उरते. काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवल्यास ती एंडोटॉक्सिनमुक्त होतात. पॉलिमरला हा उपाय करता येत नाही, म्हणून कच्चा मालच एंडोटॉक्सिनची कमाल मर्यादा नमूद केलेला मागवावा आणि प्रत्येक नव्या खेपेची एंडोटॉक्सिन ओळखणारी लिम्युलस चाचणी प्रयोग सुरू करण्याआधी करून घ्यावी.